शून्य टक्के

बुसियाच्या नाक्यावर मी सतरा वर्षं शिक्का मारला.
अलीकडे केनिया, पलीकडे युगांडा,
मध्ये एक लाल-पांढरा दांडा
आणि दांड्याच्या बुडाशी माझं स्टूल.
तळं राखील तो पाणी चाखील.
चाखलं मी. फार नाही.
मुलीच्या शाळेपुरतं,
आणि एकदा एका रेडिओपुरतं.

एगेसाची तीनचाकी सगळ्यात आधी यायची.
पोलिओने वाळलेले पाय सीटखाली दुमडलेले,
पेडल हातांनी फिरवायचं,
मागून ढकलायला दोन पोरं,
आणि साखर, तांदूळ, तेलाचे डबे इतके रचलेले
की एगेसा दिसायचाच नाही,
नुसती त्याची शीळ नाका ओलांडायची.
पांगळ्याच्या गाडीची झडती घ्यायची नाही
असं कुठल्या कागदावर होतं का, ठाऊक नाही.
नाक्यावर होतं.
जकात जसजशी चढली
तसं एगेसाचं छप्पर चढलं :
गवत, मग पत्रा, मग विटांवर पत्रा.
म्हणायचा, देवाने पाय नेले, सरकारने दर लावले,
दोघांच्या कृपेने भागतंय.

नबविरे रात्रीची यायची, उसातून.
डोक्यावर अंड्यांचे सात ट्रे, चपला हातात.
उसात शिपाई असायचे.
ते पैसे घेत, अंडी घेत, आणि कधी कधी
त्याबद्दल ती बोलत नाही.
मीही विचारलं नाही.
पहाटे बाजारात तिच्या कमरेच्या कापडावर
बलक वाळलेला असायचा.

मग मंत्र्यांनी फीत कापली.
दोन देशांची मिळून एक काचेची इमारत,
एकच रांग, एकच खिडकी,
आणि आपापल्या मातीत पिकलेल्या मालाला
शून्य टक्के.
मी संगणकावर शून्य टाईप करायला शिकलो.
चार दिवस अडकणारे ट्रक चार तासांत सुटू लागले
आणि त्या चार दिवसांवर जगणारी
चहा-चपातीची टपरी
कधी बंद झाली, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

नबविरे भर दुपारी आली.
नाव? मी विचारलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा.
नबविरे, म्हणाली. रात्री जन्मलेली.
आमच्यात असंच ठेवतात.
पावती तिने दोनदा वाचली,
घडी न घालता सगळ्यात वरच्या अंड्यांवर ठेवली
आणि मान ताठ ठेवून चालत गेली, काचेतून, उजेडातून.
आता तिचा पिकअप आहे.

मकोखाचं सांगणार नव्हतो. बहिणीचा नवरा.
अलीकडच्या बाजूला त्याच्या दोनशे कोंबड्या.
पलीकडे मका स्वस्त, म्हणून खाद्य स्वस्त, म्हणून अंडं स्वस्त;
ह्याच्या अंड्याला कोणी हात लावेना.
महिनाभर त्यांच्या घरी दोन्ही वेळा अंडी.
भाची म्हणाली, मामा, आम्ही श्रीमंत झालो का?
शेवटी कोंबड्या किसुमूच्या एका हॉटेलाने नेल्या, वजनावर.
नाक्याच्या जुन्या सामानाचा लिलाव निघाला
तेव्हा तो लाल-पांढरा दांडा मकोखानेच घेतला.
कशाला, ते सांगितलं नाही.
रिकाम्या खुराड्यात आडवा बसवलाय.

नैरोबीहून एक बाई आल्या, हातात टॅब.
राहणीमान सुधारलं का? एक ते पाचमध्ये सांगा.
नबविरेने पाच दिले, मकोखाने एक.
मी सरकारी माणूस, तीन म्हणालो.
सरासरी चांगली निघाली म्हणे.
एगेसाला त्यांनी विचारलं नाही;
तो रांगेत नव्हता.

तो अजून येतो. सगळ्यात आधी.
मागे पोरं नाहीत, पोती नाहीत,
शीळ आहे, पण आता तोंडही दिसतं,
आणि ते इतकं म्हातारं असेल असं वाटलं नव्हतं.
दांडा होता त्या जागी येऊन थांबतो,
हात पेडलवर,
वर बघत.

मी काचेआडून हात उचलतो.
मग तो जातो.